पोच

मराठीत 'कळवणं' आणि 'कळणं' एकाच धातूपासून आले असले तरी त्यांचं व्याकरण वेगळं चालतं. 'मी कळवलं' म्हणताना कर्ता मी असतो. 'मला कळलं' म्हणताना मी काहीच करत नाही, गोष्ट माझ्यापर्यंत येते. गेली अडीच वर्षं मी आर्किटेक्टच्या ऑफिसांसाठी ड्रॉइंग आणि रोजची कामं सांभाळणारं एक सॉफ्टवेअर लिहिते आहे, आणि त्यावरचे आमचे बहुतेक वाद या दोन क्रियापदांच्या मधल्या जागेत होतात. कळवलं की नाही, हे संगणक तपासू शकतो. कळलं की नाही, हे तपासायची सोय मला अजून सापडलेली नाही.

बाहेरून पाहणाऱ्याला आर्किटेक्टचं ऑफिस म्हणजे स्केचबुक, थर्माकोलची मॉडेल्स आणि भिंतीवर एखादा मोठा रंगीत व्ह्यू असं वाटतं. आत बसून पाहिलं तर दिवसाचा मोठा भाग देवाणघेवाणीत जातो. एका साध्या इमारतीची आर्किटेक्टची ड्रॉइंग्ज वेगळी, आरसीसी कन्सल्टंटची वेगळी, प्लंबिंगची, इलेक्ट्रिकलची, फायरची वेगळी. प्रत्येकाच्या आर-झिरो, आर-वन, आर-टू अशा आवृत्त्या निघतात. जिथे बदल झाला तिथे ढगासारखी नागमोडी रेघ काढतात. हे सगळं ईमेलवर जातं, त्यातलं अर्धं व्हॉट्सॅपच्या ग्रुपवर फोटो काढून पुन्हा जातं आणि उरलेलं फोनवर ठरतं.

यात काय बिघडतं, याचं अगदी घरगुती उदाहरण म्हणजे संकन स्लॅब. टॉयलेटच्या जागी स्लॅब साधारण फूटभर खाली घेतात, त्या खळग्यात पाइप बसतात. बिल्डरच्या सांगण्यावरून आर्किटेक्टने एका मजल्यावरचं टॉयलेट चार फूट सरकवलं, नवं ड्रॉइंग सगळ्यांना पाठवलं. आरसीसी कन्सल्टंटच्या ऑफिसात ज्या मुलाकडे ते काम होतं तो जुन्याच आवृत्तीवर काम करत राहिला. सेंटरिंग लागलं, सळया बांधल्या, स्लॅब पडला, आणि खळगा जिथे नको तिथे. माझ्या धंद्यात चुकीचं रिलीज रात्रीत मागे घेता येतं. इथे ब्रेकर लावावा लागतो.

मग मीटिंग होते. त्या मीटिंगमध्ये आधी लॅपटॉप उघडले जातात. 'आम्ही अमुक तारखेला कळवलं होतं,' असं एक जण म्हणतो आणि मेल दाखवतो. समोरचा म्हणतो, मेलमध्ये बारा ड्रॉइंग्ज होती, बदल एकातच होता, विषयाच्या ओळीत तसं लिहिलेलं नव्हतं. दोघंही खरं बोलत असतात. मला या मीटिंगांत पहिल्यांदा अस्वस्थ वाटलं ते यासाठी, की कुणीही खोटं बोलत नव्हतं आणि तरी खळगा चुकीच्या जागी होता.

अशा अनुभवांनंतर ऑफिसं आमच्याकडे एक सोय मागतात. समोरच्याने फाइल उघडली, की आपोआप पोच नोंदली जावी, तारीख-वेळेसकट. करायला हे अवघड नाही, दोन दिवसांचं काम. पण 'पोच' या शब्दापाशी मी अडते. पोच म्हणजे पावती, आणि पोच म्हणजे समजही: 'त्याला तेवढी पोच नाही' असं आपण म्हणतो ते दुसऱ्या अर्थाने. ऑफिसांना पहिली पोच हवी असते, इमारतीला दुसरी. आणि पहिली जितकी सहज मिळते, तितकी दुसरीची फिकीर कमी होते, असा माझा संशय आहे.

हा संशय कुठवर जाऊ शकतो, हे कॅन्सस सिटीमधल्या हयात रीजन्सी हॉटेलवरून दिसतं. 17 जुलै 1981च्या संध्याकाळी हॉटेलच्या उंच मोकळ्या लॉबीत नाचाचा कार्यक्रम चालू होता. लॉबीवर छताला सळयांनी टांगलेले पादचारी पूल होते. चौथ्या मजल्याचा पूल बरोबर खालच्या दुसऱ्या मजल्याच्या पुलावर कोसळला, आणि दोन्ही मिळून खालच्या गर्दीवर. 114 माणसं गेली, दोनशेहून अधिक जखमी झाली.

मूळ कल्पनेत छतापासून एकच लांब सळई दोन्ही पुलांतून खाली जात होती. चौथ्या मजल्याच्या तुळईखालच्या नटवर फक्त चौथ्या मजल्याचा भार यायचा. पण नट वरपर्यंत चढवायचा तर लांबच लांब सळईला आटे पाडावे लागले असते, म्हणून पोलादी काम करणाऱ्या कंपनीने एका सळईच्या जागी दोन सुचवल्या: एक छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत, दुसरी चौथ्या मजल्याच्या तुळईपासून दुसऱ्यापर्यंत. कागदावर हा बदल बोटभरही नाही. पण आता खालचा पूल वरच्या पुलाला लोंबकळत होता, आणि वरच्या तुळईखालच्या नटवर दोघांचा भार आला. एका दोरीला दोघे लटकले असताना खालचा दोरी सोडून वरच्याचे पाय धरतो, तसं. दोरीवरचा भार तोच राहतो, वरच्याच्या हातांवरचा दुप्पट होतो. चौकशीत असंही निघालं, की मूळचा जोडही शहराच्या नियमांना लागणाऱ्या ताकदीच्या साठ टक्क्यांच्याच आसपास होता. बदलाने तीही निम्म्यावर आणली.

आता यात माहिती कुठून कुठे गेली ते पाहा. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या ऑफिसाने जोडाचा तपशील पूर्ण सोडवलेला नव्हता. तो पोलादवाल्यांनी करायचा, असं त्यांनी धरलं. पोलादवाल्यांनी धरलं, की आलेलं ड्रॉइंग म्हणजे अंतिम डिझाइन. त्यांनी ड्रॉइंग काढायचं काम बाहेर दिलं. त्या माणसानेही धरलं, की जोड आधीच तपासलेला असणार. बदलाबद्दल फोनवर विचारलं होतं, असं पोलादवाले म्हणाले. असा फोन आलाच नाही, असं इंजिनिअर म्हणाले. बदललेला जोड दाखवणारी ड्रॉइंग्ज इंजिनिअरच्या ऑफिसात आली, आणि तपासल्याचा शिक्का घेऊन परत गेली. म्हणजे पोच होती. पुढे त्या इंजिनिअरांचे मिझुरी राज्यातले परवाने रद्द झाले, आणि सांध्यांची जबाबदारी शेवटी डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरचीच, हे त्या व्यवसायाने स्पष्ट केलं.

मला यात भयंकर वाटतो तो शिक्का. फोनची नोंद नव्हती म्हणून वाद राहिला, हे खरं, आणि माझ्यासारखीला लगेच म्हणावंसं वाटतं, की बघा, नोंद ठेवणारी प्रणाली हवी होती. पण नोंद नव्हती ती फोनची. ड्रॉइंगची होती. ज्या गोष्टीची नोंद झाली तीच कुणी पाहिली नाही.

डेनिस थॉम्पसन या राजकीय विचारवंताने 1980 साली 'अनेक हातांचा प्रश्न' मांडला. एका निर्णयाला इतके हात लागलेले असतात, की नैतिक जबाबदारी कुणा एकाची म्हणून दाखवता येत नाही. त्याच्यासमोर सरकारी अधिकारी होते. 1996मध्ये हेलन निसेनबॉमने तो प्रश्न संगणकाच्या जगाकडे वळवला आणि आणखी एक निमित्त जोडलं: 'सिस्टीमनेच तसं केलं.' आर्किटेक्टच्या ऑफिसांसाठी सॉफ्टवेअर लिहिताना मला या दोघांचे धागे एकाच जागी गुंतलेले दिसतात. हात आधीच अनेक आहेत. मी त्यात अजून एक हात घालते, आणि तो माणसाचा नसल्याने सगळ्यांना सोयीचा असतो.

ब्रिटनमध्ये 14 जून 2017ला ग्रेनफेल टॉवर जळला, 72 माणसं मेली. 2024च्या चौकशी अहवालात आर्किटेक्ट, मुख्य कंत्राटदार आणि बाहेरचं आवरण बसवणारी कंपनी या सगळ्यांबद्दल हेच येतं, की आगीचा विचार दुसरा कुणीतरी करत असेल असं प्रत्येकाने धरलं. त्या आगीनंतर तिथे इमारतीच्या माहितीचा 'सोनेरी धागा' ही कल्पना आली, 2022च्या कायद्यातही पोचली: डिझाइनपासून वापरापर्यंत कुठला निर्णय कुणी, कशाच्या आधारावर घेतला याची सलग डिजिटल नोंद. कल्पना चांगली आहे. फक्त, धागा ओवायला सुई लागते आणि सुई कुणाच्या तरी बोटांत असावी लागते. सॉफ्टवेअर विकणारे लोक (आमच्यासकट) धाग्याबद्दलच बोलतात.

इथवर लिहिलेलं एका ज्येष्ठ आर्किटेक्टना वाचून दाखवलं. त्यांच्या ऑफिसात आमचं सॉफ्टवेअर वापरतात. ते म्हणाले, ''तुम्ही नोंदीला पळवाट म्हणताय, पण कुणाची पळवाट ते बघा. माझ्याकडे वकील आहे. माझ्याकडच्या तेवीस वर्षांच्या पोरीकडे एक मेल आहे.'' याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मीटिंगमध्ये आवाज चढतो तेव्हा तो बहुतेक वेळा सगळ्यांत लहान माणसावर चढतो: ट्रेनी, ज्युनिअर, साइटवरचा सुपरवायझर. तोंडी सूचना देऊन नंतर 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणणं वरच्याला परवडतं. खालच्याला कागदच वाचवतो. तेव्हा नोंदी कमी करा, माणसांनी माणसांशी बोला, असा सल्ला ज्यांची खुर्ची पक्की आहे त्यांनाच सुचतो. मी तो देणार नाही.

म्हणून आम्ही मधलं काहीतरी करून पाहिलं. नवी आवृत्ती आली, की घेणाऱ्याने एक ओळ स्वतः लिहायची: काय बदललं, आणि त्याने माझं काय बदलतं. विमानाचे वैमानिक नियंत्रण कक्षाची सूचना परत म्हणून दाखवतात, तसं. त्याशिवाय पोच लागत नाही. शिवाय पाठवणाऱ्याने बारा जणांना एकदम न पाठवता, हे कुणी बघितलंच पाहिजे त्याचं एक नाव द्यायचं. बाकीच्यांना दिसेल, पण प्रश्न त्या एकालाच विचारला जाईल.

पहिला आठवडा लोकांनी नेकीने लिहिलं. टॉयलेट पूर्वेला सरकलं, माझा बीम मध्ये येतो, फोन करतो. ही ओळ वाचून मला फार बरं वाटलं होतं. तिसऱ्या आठवड्यापासून 'नोटेड' यायला लागलं. मग नुसताच 'ओके'. एका ऑफिसने आधीच्या ओळी उचलून चिकटवायची युक्ती काढली. कमीत कमी वीस अक्षरं हवीत अशी अट घालावी का, यावर आमच्याकडे दीड तास चर्चा झाली. मी विरोध केला. ज्याला लिहायचं नाही तो वीस अक्षरांचं खोटं लिहील, आणि ते खोटं वापरायची सवय आम्ही लावलेली असेल. तो चौकोन आम्ही ठेवला आहे, सक्तीशिवाय. साधारण पाचातला एक जण तो भरतो. हे पुरेसं आहे असं मी म्हणत नाही, पण तो एक जण कोण, हे त्या ऑफिसातल्या सगळ्यांना हळूहळू माहीत होतं, आणि महत्त्वाचं ड्रॉइंग आपोआप त्याच्याकडे जायला लागतं. ज्याला कळतं त्याच्यावरच ओझं वाढवत नेणं न्याय्य आहे का, हा प्रश्न त्यातून नवाच निघाला आहे. मला ते न्याय्य वाटत नाही. त्याचा पगार वाढलेला नाही.

हे चालू असताना एका साइटवर सेंटरिंगचं काम बघत उभी होते. सुपरवायझर फोनवरचं ड्रॉइंग मोठं करून मिस्त्रींना दाखवत होता. मिस्त्रींनी ते हातात घेतलं नाही. खडूने फळीवर चौकोन काढला आणि म्हणाले, ''खालच्या मजल्याला संडास हिकडं हाय. वर तिकडं कसा गेला? पाइप उतरवणार कुठनं?'' सुपरवायझरने ऑफिसला फोन लावला. बदल बरोबर होता, शाफ्टही बदललेला होता, पण त्याचं ड्रॉइंग प्लंबिंगवाल्याकडून यायचं होतं. स्लॅब दोन दिवस थांबला.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या थांबण्याची नोंद 'विलंब: साइट' अशी लाल रंगात आहे. मिस्त्रींचं नाव त्यात नाही, कारण त्यांना लॉगिन नाही. लॉगिनमागे दरमहा पैसे लागतात, आणि ते मिस्त्रींसाठी कुणी भरावेत यावर बिल्डर आणि आर्किटेक्ट यांच्यात अजून पत्रव्यवहार चालू आहे.