बेलावरची अळी आणि नामरूपाचा प्रश्न

परळीच्या वैजनाथाला ज्या झाडाचे पान वाहतात, त्या बेलावर कॉमन मॉर्मन या फुलपाखराच्या अळ्या वाढतात. लिंबू आणि कढीपत्ताही त्यांना चालतो. याच बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईला, मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांच्या ‘विवेकसिंधू’ने मराठीत आणलेले अद्वैत नामरूपाला, म्हणजे वस्तूंच्या नाव-रूपांना, मिथ्या म्हणते. मग प्राण्यांच्या जाती ठरवणारे शास्त्र मिथ्याचीच मोजदाद करते का? या फुलपाखराचा इतिहास पाहता मला तसे वाटत नाही. वर्गीकरणकार लिनियसने १७५८ मध्ये त्याच्या दोन जाती केल्या, पॅमॉन आणि पोलायटीस, कारण रूपे अगदी वेगळी होती. नर काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांचा पट्टा. काही माद्या हुबेहूब नरासारख्या. काही मात्र लाल ठिपके मिरवत कॉमन रोझ किंवा क्रिमझन रोझ या विषारी फुलपाखरांचे सोंग घेतात, म्हणून पक्षी त्यांना टाळतात. हे सारे एकाच जातीचे आहे, हे निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसने १८६५ मध्ये मांडले. एकाच मादीच्या अंड्यांतून वेगवेगळ्या रूपांच्या लेकी निघतात. हे सोंग डबलसेक्स नावाच्या एकाच जनुकावर ठरते, असे कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले.

रूपावरून दिलेले नाव इथे खोटे ठरले, पण ते खोडले कशाने? वंशाच्या नात्याने. अद्वैताच्याच दाखल्यातला दोरीवर भासलेला साप नाहीसा होतो तेव्हा दोरी उरते. तसे दोन जातींचा भ्रम गेल्यावर एक जात उरली. चूक दुरुस्त होऊ शकते, याचाच अर्थ नाव ज्याबाबत चुकू शकते असे काहीतरी नावाबाहेर आहे. न्यायदर्शनाच्या न्यायसूत्रांनी आकृती (दिसणारे रूप) आणि जाती (त्यामागचे सामान्य) वेगळ्या मानल्या, तो भेद इथे फार मोलाचा वाटतो.

कोणी म्हणेल, जातीही उत्क्रांतीत बदलतात, त्यांच्या सीमा पुसट असतात, मग त्या खऱ्या कशा? नैयायिकांची, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांची, जाती नित्य होती, हे खरे, आणि तेवढे त्यांचे मत सोडावे लागते. पण बदलणारे ते खोटे, हा नियम लावला तर अळी आणि फुलपाखरू यांतले एकही खरे राहत नाही. अद्वैती यावर म्हणेल, परमार्थात, म्हणजे अंतिम सत्याच्या पातळीवर, तसेच आहे. मान्य, पण तोच अद्वैती व्यवहाराच्या पातळीवर दोरी आणि साप यांतला फरक सोडत नाही, आणि वर्गीकरणाचे सगळे काम त्याच पातळीवरचे आहे. तिथे चुकीचे नाव टिकू न देणे, हाही विवेकच.