कष्टाळू होते, म्हणजे काय करत होते?

वृत्तपत्रातल्या निधनवार्तेत कष्टकरी माणसाच्या वाट्याला ठरलेली विशेषणं येतात. कष्टाळू, कुटुंबवत्सल, मनमिळाऊ. त्यामागे पत्नी, मुलं, सुना, जावई, नातवंडं असा परिवार. या मजकुरात खोटं काही नसतं, पण त्यातून माणूस ओळखू येत नाही. आयुष्यभर कष्ट केले, म्हणजे नेमकं काय केलं? कोणत्या खात्यात, किती तास, कोणत्या अटींवर? गेलेल्या माणसाबद्दल खरी आस्था असेल, तर त्याच्या स्मरणाची सुरुवात या प्रश्नांपासून व्हायला हवी, असं मी आग्रहाने म्हणेन.

गिरणगावापुरतं बोलायचं तर हा आग्रह आता तातडीचा आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या वेळी ऐन पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे. चाळिशीत असलेले बहुतेक निघून गेले. माझे वडील त्यातले. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. सिंधुदुर्गातून मिसरूड फुटण्याच्या वयात ते लालबागला आले, बदली कामगार म्हणून गिरणीच्या दारात उभे राहिले, पुढे साचे खात्यात, म्हणजे मागांवर, कायम झाले. संपानंतर गिरणीने त्यांना परत घेतलं नाही. मग त्यांनी रखवालदारी केली. मुलांची शिक्षणं आणि लग्नं केली, गावचं घर शाकारलं आणि नव्वदी ओलांडून गेले. शोकसभेत सगळे त्यांच्या कष्टांबद्दल बोलले. साच्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

साचे खात्यातलं काम नुसत्या अंगमेहनतीचं नव्हतं. एका विणकराकडे दोन साचे असत, पुढे मालकांनी ते वाढवत नेले. धोट्यातली कांडी संपत आली की बदलायची, ताण्याचा एखादा धागा तुटला की तो शेकडो धाग्यांतून हुडकायचा, वईतून आणि फणीतून ओवून गाठ मारायची. गाठ इतकी बारीक हवी की फणीत अडकता कामा नये. विणकराचा पगार निघालेल्या कापडावर ठरे, त्यामुळे साचा थांबला की त्याचं नुकसान. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून खात्यात मुद्दाम दमट हवा राखलेली. शेकडो साच्यांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. ओठांच्या हालचालींवरून आणि हाताच्या खुणांनी सगळा व्यवहार चाले. अण्णा अगदी थकल्यावरही गोधडीचा सुटलेला दोरा दिसला, की दोन बोटांत धरून क्षणात गाठ मारत. नजर अधू झाली होती, पण बोटं चुकत नसत. आम्ही ते रोज पाहिलं. ही सबंध आयुष्य घालून कमावलेली विद्या आहे, हे मात्र आमच्या ध्यानात आलं नाही.

घरच्यांच्या आठवणीत राहतो तो स्वभाव. अण्णा मोठ्याने बोलत, म्हणून ते तापट. चारचौघांत गप्प बसत, म्हणून घुमे. अनेक वर्षांच्या खडखडाटाने त्यांना कमी ऐकू येत होतं आणि रात्रपाळी करून आलेला माणूस दहा बाय दहाच्या खोलीत भरदिवसा झोपू शकत नव्हता, या गोष्टी आम्ही त्या स्वभावाशी कधी जोडल्या नाहीत. कापूस पिंजण्याच्या आणि कार्डिंगच्या खात्यातल्या माणसांची छाती सुटीनंतर कामावर जाण्याच्या पहिल्या दिवशी भरून येई. तो कापसाच्या धुळीचा आजार, आणि कायद्याने मान्य केलेला. अशा माणसाला घरात किरकिरा म्हटलं जातं. कामाने शरीरावर ठेवलेल्या खुणा आपण स्वभावाच्या खात्यावर मांडतो आणि माणसावर नकळत अन्याय करतो.

दुसरा अन्याय आपण अभिमानाच्या भरात करतो. ‘एकट्याच्या कष्टावर वर आले,’ असं म्हणतो. पण गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली ती १० जून १८९० पासून, आणि त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांची चळवळ होती. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या प्रौढ पुरुषाचा दिवस बारा तासांवर आणला. आठवड्याचे ४८ तास कायद्यात यायला १९४६ उजाडलं. घरी पोरांचा अभ्यास घ्यायला अण्णांना जो वेळ मिळाला, तो आधीच्या पिढ्यांनी संप करून मिळवला होता. शिवाय कष्ट करायला तयार असलेल्या प्रत्येकाला साच्यापर्यंत पोहोचू दिलं जात नव्हतं. बाण्याचं सूत ओठांनी धोट्याच्या भोकातून ओढून घ्यावं लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात, म्हणजे जास्त पगाराच्या कामात, मज्जाव होता. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. कष्टाचं चीज होतं, हे वाक्य उच्चारताना कोणाच्या कष्टाचं होऊ दिलं गेलं, हेही सांगितलं पाहिजे.

‘कुटुंबवत्सल’ या शब्दाखालीही बरंच झाकलं जातं. कोकणातून, घाटावरून आलेले हजारो पुरुष गाळ्यांत पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत आणि दरमहा मनीऑर्डर करत. गणपतीला आणि शिमग्याला तेवढी बायकामुलांची गाठ पडे. त्यांचं वात्सल्य असं पैशाच्या रूपाने गावी पोहोचे. तिकडे शेत, गुरं, सासूसासरे आणि पोरं एकटी बाई सांभाळत असे, इकडे खानावळीत पहाटेपासून दुसऱ्या बायका भाकऱ्या थापत असत. याच खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आमच्या आईने संपाच्या काळात घरीच डबे करून घर चालवलं. अण्णांच्या कष्टांची गोष्ट तिच्या कष्टांशिवाय पुरी होत नाही.

यावर एक आक्षेप येईल. ही माणसं स्वतःबद्दल बोलणारी नव्हती, मग त्यांचं मौन आपण का मोडावं? अण्णांना गिरणीबद्दल विचारलं तर ते म्हणत, ‘थंय काय बघूचा? निस्तो आवाज!’ आणि विषय तिथेच संपे. पण तो आम्हीच संपू दिला. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांना बसवून, वेळ देऊन विचारलं. त्या कथनांतून २००४ मध्ये त्यांचा मौखिक इतिहासाचा ग्रंथ आला. विचारलं की माणसं बोलतात. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने सोडून दिलेलं तान्हं मूल उचललं, काशीबाईंच्या पदरात घातलं, त्याला नाव दिलं, शाळेत घातलं. हे आपल्याला ठाऊक आहे, कारण ते मूल पुढे कवी नारायण सुर्वे झालं. ज्यांची मुलं कारकून, शिक्षक, रिक्षाचालक झाली, त्या बापांची नोंद कोणी ठेवायची? ती जबाबदारी आपली आहे.

त्यासाठी इतिहासकार असावं लागत नाही. घरात म्हातारा माणूस आहे तोवर त्याच्याजवळ बसावं, पहिला पगार किती होता, काम कोणी शिकवलं, मुकादम कसा होता, कशाची भीती वाटे, काय करताना हात खूश असत, हे विचारावं आणि त्याच्या शब्दांत उतरवून ठेवावं. पगाराची चिठ्ठी, बदलीचा पास, युनियनची पावती रद्दीत घालू नये. आपल्यासाठी राबलेल्या माणसाचे उपकार मानणं सोपं आहे, कारण त्यात तो आपल्याच संदर्भात उरतो. तो स्वतः कोण होता, काय जाणत होता आणि काय सोसत होता हे समजून घेणं म्हणजे त्याला आठवणं, आणि त्याच्या दीर्घ आयुष्याचं एवढं देणं आपण लागतो.