होमर मुळांतून कां वाचावा?

चांगलीं भाषांतरें हाताशीं असतांना होमरसाठीं ग्रीक व्याकरणाशीं झटापट कशाला करावी, असा प्रश्न कोणी रसिकानें विचारला तर तो अगदींच अनाठायीं म्हणतां येणार नाहीं. कीट्सला ग्रीक येत नव्हतें. तरी १८१६ सालीं चॅपमनचें भाषांतर वाचून त्यानें आपलें प्रसिद्ध सुनीत लिहिलें. तेव्हां मूळ भाषेवांचून रसास्वादच नाहीं, हा दावा टिकत नाहीं. प्रश्न रसाचा नसून न्यायाचा आहे. दुसऱ्याचें म्हणणें त्याच्याच शब्दांत ऐकून घेतल्यावांचून तें आपणांस समजलें, असें मानण्याचा अधिकार आपल्याला पोहोंचतो काय?

एकच उदाहरण घेतों. ‘इलियड’च्या प्रारंभींच कवि सांगतो कीं, अकिलीझच्या क्रोधानें अनेक वीरांची ‘प्सूखे’ अधोलोकीं धाडली आणि ‘त्यांना स्वतःला’ कुत्र्यांचें भक्ष्य केलें. ‘प्सूखे’ला आपण सहज ‘आत्मा’ म्हणतों. पण मग उत्तरार्ध अडतो. कारण येथें माणूस ‘स्वतः’ म्हणजे रणांत पडलेला देह, आणि अधोलोकीं गेली ती केवळ छाया. तेविसाव्या सर्गांत पात्रोक्लसची प्सूखे स्वप्नांत येते. अकिलीझ तिला कवटाळूं जातो, तों ती धुरासारखी निसटते. देह म्हणजे जीर्ण वस्त्र, ही गीतेची शिकवण लहानपणापासून ऐकत आलेल्या आपणांस हा विचार नेमका उलटा वाटतो. १७१५ पासून प्रसिद्ध होऊं लागलेल्या पोपच्या भाषांतरांत या ‘स्वतः’च्या जागीं वीरांचे अवयव आले आहेत. वाक्य सुबोध झालें. कवीचा विचार मात्र लोपला.

हा शब्दच्छल नव्हे. मरणापलीकडे छायेवांचून कांहींच उरत नसेल, तर दीर्घायुष्य सोडून कीर्ति पत्करणाऱ्या अकिलीझचा त्याग केवढा! चोविसाव्या सर्गांत वृद्ध प्रियाम आपल्या पुत्रांना मारणाऱ्या हातांचें चुंबन घेतो, तें एका कलेवरासाठीं नव्हे, हेक्टरसाठीं.

कोणी म्हणेल, हें सारें टीपेंतही सांगतां येईल. येईल, मीही आतां तेंच केलें. परंतु टीप निष्कर्ष देते, अडण्याचा अनुभव देत नाहीं. नवशिक्याच्या दहा-बारा ओळी तासाभरांत झाल्या तरी पुष्कळ. पण आपलें मत कोठें संपतें आणि कवीचें कोठें सुरू होतें, हें त्या मंद गतींतच कळतें. संस्कृत शिकलेल्या वाचकाला तेथें द्विवचनासारखे जुने सोयरे भेटतात. कीर्तिवाचक ‘क्लेओस’ हा तर आपल्या ‘श्रवस्’चाच भाऊबंद. मात्र शब्दांची सोयरीक आहे म्हणून विचारही एकच असावा, हा मोह तेथेंच आवरावा लागतो.

सर्वांनीं ग्रीक शिकावें, असें माझें म्हणणें नाहीं. आयुष्य थोडें आणि भाषा पुष्कळ. पण ज्यानें एक तरी परकें काव्य असें अडखळत वाचलें आहे, तो भाषांतरें वाचतांनाही जपून मत देईल; आणि परक्यानें आपल्यासारखेंच बोलावें, हा हट्ट सहसा धरणार नाहीं.