कोरफडीच्या पानापाशी

सकाळची वेळ घ्या. बोईसरच्या एखाद्या गॅलरीत नाहीतर पालघरच्या परसात, कोरफडीच्या कुंडीसमोर बसा. अजून काही कापायचं नाही. खालचं एखादं जाडजूड पान नुसतं दोन बोटांत धरा. थंड लागेल. आत पाणी आहे हे बोटांना लगेच कळतं.

या पानानं रात्रभर काम केलंय. बहुतेक झाडं दिवसा पर्णरंध्रं उघडतात आणि त्यातून पाणी उडून जातं. कोरफड ती रात्री उघडते, हवेतला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवते आणि ऊन चढलं की दारं लावून त्याच साठ्यातून साखर करते. हिंदुस्थानात काम करणारा वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यानं अशाच रीतीनं जगणाऱ्या पानफुटीची पानं चाखून पाहिली होती. सकाळी आंबट, दुपारी बेचव. १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीनं त्याचं ते निरीक्षण छापलं. साधन काय, तर स्वतःची जीभ! कित्येक दारांवर दृष्ट लागू नये म्हणून उलटी टांगलेली कोरफड मातीवाचून महिनोन् महिने जगते, ती याच काटकसरीवर. तिच्याकडे बघून मला दर वेळी आदर वाटतो.

आता पान बुंध्यापाशी कापा आणि कापलेली बाजू खाली करून वाटीत उभं ठेवा. घाई करू नका. सालीलगतच्या नलिकांतून पिवळा चीक ओघळू लागेल. त्याचा वास उग्र, चव कडूजहर. हाच चीक वाळवला की काळा बोळ होतो. त्यातलं अ‍ॅलोइन मोठ्या आतड्याला ढवळून काढतं, म्हणून तो जुलाबाचं औषध झाला आणि म्हणूनच गरोदरपणी तो वर्ज्य. अमेरिकेत चिकासकटचा अख्ख्या पानाचा अर्क उंदरांना दोन वर्षं पाण्यातून दिला, तेव्हा त्यांच्या मोठ्या आतड्यात गाठी झाल्या. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं हा अर्क ‘माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या’ पदार्थांत घातला. घरच्या घरी अख्खं पान मिक्सरमध्ये फिरवून रोज पिणाऱ्यांनी या वाटीकडे जरा वेळ बघत बसावं.

चीक निथळला की साल काढा. उरतो तो गर. काचेसारखा पारदर्शक, बोटांतून निसटणारा. शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग पाणी, आणि उरलेल्या दोन भागांत अ‍ॅसिमॅननसारख्या लांब साखळीच्या शर्करा. तो बुळबुळीतपणा त्यांचाच. मनगटावर थोडा लावा आणि सुकेपर्यंत काहीच करू नका. त्वचा आधी गार पडते, मग किंचित ओढल्यासारखी होते.

आता मन पश्चिमेला, तारापूरकडे न्या. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र तिथे १९६९ साली सुरू झालं. या पट्ट्यात किरणोत्सर्ग हा शब्द घराघरांत ठाऊक आहे. कोरफडीच्या आधुनिक संशोधनाची एक मोठी सुरुवातही किरणांपासूनच झाली. १९३५ साली कॉलिन्स या अमेरिकी डॉक्टरांनी क्ष-किरणांनी पोळलेल्या एका स्त्रीच्या कपाळावर ताजं पान लावलं. चोवीस तासांत खाज आणि आग थांबली, पुढे कातडीही भरून आली. ही एका रुग्णाची हकिगत. तिनं आशा जागवली आणि पुढची अनेक वर्षं माणसं त्या आशेमागे गेली. मग १९९६ साली स्तनांच्या भागावर रेडिएशन घेणाऱ्या १९४ स्त्रियांवरच्या चाचणीचा निकाल आला. निम्म्यांना कोरफडीचं जेल, निम्म्यांना तसंच दिसणारं साधं जेल. कुणाला काय दिलं ते ना त्यांना माहीत, ना डॉक्टरांना. फरक पडला नाही.

इथे थोडं थांबा. हा निकाल वाचून वाईट वाटतं का? मला वाटलं. पण त्या स्त्रियांनी ऐन आजारपणात स्वतःच्या त्वचेवर हा प्रश्न सोडवून दिला, हे आठवलं की मन निवळतं.

भाजण्याचं मात्र निराळं. २००७ साली चार चाचण्यांतल्या ३७१ रुग्णांचा एकत्र आढावा घेतला गेला. उथळ भाजण्यात कोरफडीनं जखम सरासरी नऊएक दिवस लवकर भरलेली दिसली. प्रत्येक चाचणीत औषध वेगळ्या तऱ्हेनं बनवलेलं होतं, त्यामुळे अभ्यासकांनी ठाम शिफारस टाळली. मला त्यांचं हे आवरून बोलणं पटतं.

तारापूर एमआयडीसीतून पाळी संपवून आलेल्या कुणाचा हात घरी गरम तव्याला लागला, असं समजा. आधी हात वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली. तेवढ्यात घरातलं दुसरं कुणीतरी पान कापून उभं ठेवील, म्हणजे चीक निथळेल. नुसती लाली असेल तर स्वच्छ गर लावा. मोठे फोड आले असतील, चेहरा भाजला असेल किंवा कामावर रसायन अंगावर उडालं असेल, तर पाण्यानं भरपूर धुऊन थेट दवाखाना गाठा. पान तसंच वाटीत राहू द्या.