किंमत लावणारी सेवा

वापरलेला पण धडका सदरा गरजू माणसाला फुकट द्यावा की दोन-तीन पौंडांना विकावा, असा प्रश्न कुणी केला तर आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर तयार असते. दान म्हणजे मोबदला न घेता देणे, हे आपल्या मनावर लहानपणापासून ठसलेले आहे. ब्रिटनमधल्या चॅरिटी शॉप नावाच्या दुकानांनी मात्र गेली पाऊणशे वर्षे दुसरा रस्ता धरला आहे. लोकांनी दिलेल्या वस्तू ती विकतात आणि आलेला पैसा आपापल्या संस्थेच्या कामाला लावतात. आज त्या देशात अशी दहा हजारांहून अधिक दुकाने आहेत आणि त्यांत दीड लाखांहून अधिक माणसे आठवड्यातले काही तास पगाराविना काम करतात. या माणसांविषयी बोलताना कौतुकाचा सूर लगेच लागतो: वेळ देतात, घाम गाळतात, मोबदला मागत नाहीत. मला हे कौतुक अपुरे वाटते आणि थोडे चुकीच्या जागी केलेलेही वाटते. या स्वयंसेवकाची खरी सेवा त्याच्या फुकट तासांत नसून त्याच्या निवडीत आहे. दुसऱ्याने घराबाहेर काढलेली वस्तू हातात घेऊन ही माणसापुढे ठेवण्याजोगी आहे का, हे तो ठरवतो. असेल तर तिला रास्त किंमत लावतो आणि समोर येणाऱ्याला याचक न मानता गिऱ्हाईक मानतो. हे एकदा मान्य केले की या सेवेवरचे आक्षेपही नीट तोलता येतात.

या दुकानांचा उगमच मुळी कपड्यांच्या ढिगातून झाला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ग्रीस व्यापला आणि दोस्तांच्या नाविक नाकेबंदीमुळे तिथे भूकबळी पडू लागले, तेव्हा 1942 मध्ये ऑक्सफर्डमधल्या काही नागरिकांनी दुष्काळ निवारणासाठी एक समिती स्थापन केली. हीच पुढची ऑक्सफॅम. युद्धानंतर तिने ग्रीससाठी मदतीची हाक दिली, तेव्हा लोकांनी इतके कपडे आणि वस्तू आणून दिल्या की सगळे पाठवणे शक्य नव्हते आणि शहाणपणाचेही नव्हते. मग 1947-48 च्या सुमारास ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर 17 क्रमांकाच्या जागेत दुकान उघडले गेले. समितीचे मानद सचिव सेसिल जॅक्सन-कोल हे स्वतः व्यावसायिक होते. उरलेला माल विकून पैसा उभा करता येतो, हे त्यांना कळणे स्वाभाविकच होते. 1949 मध्ये त्यांनी जो मिटी या गृहस्थाला पगारावर नेमले आणि पुढे कित्येक वर्षे ते दुकान त्याच्या व्यापारी नजरेवर वाढले. म्हणजे पगारी माणूस आणि स्वयंसेवक हे जवळजवळ आरंभापासून एकाच गल्ल्यामागे उभे होते. टाकाऊ वस्तूंतून मदत उभारण्याची कल्पना त्याही आधीची आहे. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेचे विल्यम बूथ यांनी 1890 मध्येच घरोघरची अडगळ गोळा करणाऱ्या पथकांची योजना मांडली होती. बॉस्टनमध्ये एडगर हेल्म्स या मेथडिस्ट धर्मोपदेशकाने 1902 मध्ये गुडविल या संस्थेचे काम सुरू केले, ते श्रीमंत वस्त्यांतून वस्तू आणायच्या, गरिबांनाच मजुरी देऊन त्या दुरुस्त करून घ्यायच्या आणि मग विकायच्या, या रीतीने. हेल्म्सची रीत आणि ऑक्सफर्डची रीत यांतला फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पुढे तो कामाला येणार आहे.

दुकानाच्या दर्शनी भागात हँगरला लटकलेले कपडे आणि रांगेने लावलेली पुस्तके दिसतात, पण काम घडते ते मागच्या खोलीत. तिथे सकाळपासून पिशव्या येऊन पडलेल्या असतात. प्रत्येक पिशवी उघडून आतली एकेक वस्तू उजेडात धरावी लागते. काखेतला डाग, तुटलेली चेन, कसरीने पाडलेले भोक, ओल लागल्याचा वास. विजेच्या वस्तूची सुरक्षा-तपासणी झाल्याशिवाय ती विकता येत नाही, गादी घातलेल्या फर्निचरला अग्निरोधक असल्याचे लेबल हवे, आणि आतून तडा गेला आहे की नाही हे सांगता येत नसल्याने जुने हेल्मेट बहुतेक दुकाने ठेवतच नाहीत. जे निवडले जाते त्याला वाफेची इस्त्री, मग किमतीची चिठ्ठी आणि त्यावर आठवड्याची खूण. काही आठवड्यांत खपले नाही तर तो कपडा खाली उतरवून दुसऱ्या दुकानात किंवा चिंध्यांच्या व्यापाऱ्याकडे किलोच्या भावाने जातो. करदात्या दात्याने गिफ्ट एडच्या कागदावर सही केली असेल तर त्याच्या पिशवीवर क्रमांकाची चिकटपट्टी लागते. कायद्याच्या नजरेत अशी वस्तू विकली जाईपर्यंत दात्याचीच असते, दुकान त्याच्या वतीने ती विकते आणि ती रक्कम त्याने संस्थेला दिली की सरकार प्रत्येक पौंडामागे 25 पेन्स भर घालते. हे सगळे कारकुनी वाटते खरे, पण यातल्या प्रत्येक पायरीवर कुणीतरी ‘हे चालेल’ किंवा ‘हे चालणार नाही’ असे म्हणत असते. धान्य निवडताना खड्यावर बोट थांबते, तशी इथली नजर. ती सवयीने येते आणि घाईत हरवते.

या नजरेचा अभाव असला की काय होते, हे आपल्या देशाने 2004 च्या त्सुनामीनंतर पाहिले. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, नागपट्टणमच्या परिसरात, देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला लोळत पडले. घर, होडी आणि माणसे गमावलेल्या कोळी कुटुंबांनी ते अंगाला लावायला नकार दिला. देणाऱ्यांना तो कृतघ्नपणा वाटला असेल, पण फाटके, मळके आणि आपल्या नेसण्या-वापरण्याशी संबंध नसलेले कपडे नाकारणे हा स्वाभिमानाचा साधा आविष्कार होता. त्या ढिगांतले लाखो कपडे पुढे गूंज या संस्थेने उचलले, वेगळे केले आणि उपयोगात आणले. अंशू गुप्ता यांनी 1999 मध्ये दिल्लीत ही संस्था सुरू केली आणि 2015 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कपडा भीक म्हणून द्यायचा नाही, गावाने स्वतः ठरवलेले विहिरीचे, रस्त्याचे किंवा बंधाऱ्याचे काम गावाने करायचे आणि त्याच्या बदल्यात कपडा मिळवायचा, हा त्यांच्या कामाचा गाभा. ऑक्सफर्डच्या दुकानात पैसे मोजावे लागतात, गूंजच्या गावात श्रम मोजावे लागतात. दोन्हीकडे घेणाऱ्याला काहीतरी मोजता येते आणि म्हणून मान वर ठेवून घेता येते. इराणमधल्या मशहदहून 2015 च्या हिवाळ्यात पसरलेली आणि आपल्याकडे गावोगावी उभी राहिलेली ‘माणुसकीची भिंत’ नेमकी इथे कमी पडते. तिच्यामागचा हेतू निर्मळ आहे. पण भिंतीवर टांगलेल्या कपड्यांकडे बघणारे कुणी नसते, आणि तो कपडा उचलणाऱ्याला चौकात सगळ्यांदेखत गरीब ठरावे लागते. दुकानात दोन पौंड देणारी बाई बेकार आहे, विद्यार्थिनी आहे की प्राध्यापक, हे कुणी विचारत नाही. ती चार सदरे घालून बघते, बाही लांब आहे म्हणून परत ठेवते आणि काहीही न घेता निघून जाऊ शकते. नापसंतीचा हा हक्क फुकट वाटपाच्या रांगेत कधीच मिळत नाही.

आता सर्वांत गंभीर आक्षेपाकडे वळतो. हे सारे खरे असले तरी काम ते कामच. मग त्याला पगार का नाही? ब्रिटनच्या 1998 च्या किमान वेतन कायद्याने 44 व्या कलमात धर्मादाय संस्थांच्या स्वयंसेवी कामगारांना किमान वेतनातून वगळले आहे. शिवाय इंग्लंडमध्ये अशा दुकानांना स्थानिक व्यापारी करात 80 टक्के सूट मिळते आणि दान आलेल्या वस्तूंच्या विक्रीवर मूल्यवर्धित कराचा दर शून्य असतो. शेजारचा छोटा जुन्या वस्तूंचा दुकानदार भाडे, कर आणि पगार सगळे भरतो, त्याने या स्पर्धेला अन्याय म्हटले तर त्याला दोष देता येणार नाही. स्वयंसेवेची रेषा किती नाजूक आहे, हे तिथे शिकायला गेलेल्या आपल्या मुलांनाही अनुभवास येते. विद्यार्थी व्हिसाच्या नियमांत स्वयंसेवा आणि बिनपगारी काम या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत. ठरावीक तासांची आणि कामाची बांधिलकी असेल तर ते काम सत्रातल्या आठवड्याच्या 20 तासांच्या मर्यादेत मोजले जाते. पुण्याहून लीड्सला गेलेल्या विद्यार्थ्याने चॅरिटी शॉपमध्ये नाव नोंदवण्याआधी ही बाब विद्यापीठात विचारून घेणेच बरे.

या आक्षेपाला ‘लोक आनंदाने करतात’ एवढे उत्तर पुरत नाही. रिचर्ड टिटमस यांनी 1970 मध्ये रक्तदानावरच्या आपल्या ग्रंथात मांडले की पैसे देऊन घेतलेले रक्त स्वेच्छेने दिलेल्या रक्तापेक्षा कमी सुरक्षित ठरते आणि बाजार शिरला की देण्याची वृत्ती आटते. स्वयंसेवेच्या समर्थनार्थ हा दाखला नेहमी दिला जातो, पण तो इथे जसाच्या तसा लागू होत नाही. रक्त क्वचित आणि काही मिनिटांत दिले जाते, दुकानातली पाळी दर आठवड्याला उभी राहते आणि तिच्या आधारावर कुणाचा तरी व्यवसाय चालतो. टिटमस यांच्याकडून घ्यायचा धडा वेगळा आहे: देणाऱ्याला खरे बोलण्याची मोकळीक असेल तेव्हाच दिलेली गोष्ट विश्वासार्ह राहते. पावलापावलावर नफ्याची ओढ नसलेला स्वयंसेवक ‘हा कपडा विकू नका’ असे म्हणू शकतो, कारण त्याची भाकरी त्या कपड्यावर अवलंबून नाही. ही मोकळीक गेली की त्याच्या सेवेतले सत्त्व गेले. म्हणूनच मागच्या दशकात बेकारभत्ता चालू राहावा म्हणून लोकांना संस्थांमध्ये आणि चॅरिटी शॉपमध्ये बिनपगारी राबवण्याच्या सरकारी योजना आल्या, तेव्हा त्यांना झालेला विरोध मला सर्वस्वी योग्य वाटतो. 2014 मध्ये अनेक संस्थांनी एकत्र येऊन स्वयंसेवा स्वेच्छेचीच राहावी यासाठी मोहीम उघडली आणि अशा योजनांत भाग न घेण्याची शपथ घेतली. भत्ता तुटेल या भीतीने मागच्या खोलीत उभा असलेला माणूस स्वयंसेवक नव्हे. त्याला किमान वेतन द्यायलाच हवे. आणि जिथे रोज, ठरल्या वेळी, जबाबदारीने करायचे काम आहे, जसे दुकान उघडणे, हिशेब, मालाची ने-आण, तिथे जो मिटीसारखा पगारी माणूसच हवा. स्वयंसेवकाच्या नावाखाली या जागा कापणारी संस्था आपल्याच पायावर धोंडा मारून घेते.

दुसरा आक्षेप किमतींचा. काही शहरांत ही दुकाने आता जुन्या ब्रँडेड कपड्यांना चढे भाव लावतात, भारी पुस्तके इंटरनेटवर विकतात आणि गरिबाला तिथे परवडत नाही. तक्रार खरी आहे. संस्थेसाठी जास्तीत जास्त पैसा उभा करणे आणि वस्तीतल्या माणसाला स्वस्त कोट मिळणे, ही दोन उद्दिष्टे नेहमी एका दिशेने ओढत नाहीत. वरून विक्रीचे लक्ष्य येते तेव्हा त्याला तोंड देऊ शकतो तो स्थानिक स्वयंसेवकच. थंडीचे कोट आणि मुलांचे बूट स्वस्त ठेवा, दुर्मीळ पुस्तकाचे पुरेपूर पैसे घ्या, हा तारतम्याचा निर्णय वस्ती ओळखणाऱ्यालाच घेता येतो.

निर्यातीचा प्रश्न मात्र सोडवल्यासारखा दाखवण्यात अर्थ नाही. आलेल्या कपड्यांपैकी बराच भाग दुकानात खपत नाही. तो गठ्ठ्यांत बांधून परदेशी जातो. घानाची राजधानी आक्रा येथील कांतामांतो बाजारात हजारो व्यापारी, शिंपी आणि ओझी वाहणाऱ्या मुली या गठ्ठ्यांवर जगतात. त्या बाजाराचा मोठा भाग 2025 च्या जानेवारीत आगीत भस्म झाला, तेव्हा त्यांच्यावर ओढवलेले संकट जगाने पाहिले. पण त्याच गठ्ठ्यांतले जे विकण्याजोगे नसते ते तिथल्या नाल्यांत आणि समुद्रकिनाऱ्यावर जाऊन पडते. स्वस्त फॅशनचा दर्जा घसरत चालल्याचे सर्वांत आधी मागच्या खोलीतल्या माणसाच्या हाताला कळते, दोन धुण्यांत गोळे आलेला कपडा ओळखायला त्याला प्रयोगशाळा लागत नाही. तरी चिंध्यांचा किलोमागे पैसा मिळतो म्हणून तो नाकारला जात नाही. इथे निवडीची सेवा अपुरी पडते, हे मी मान्य करतो. पिशवी दारातच परत करण्याचे धैर्य संस्थांनी स्वयंसेवकांना द्यायला हवे आणि तसे फारसे होत नाही.

मग असे दुकान मुंबईत किंवा पुण्यात उघडावे का? इथे ब्रिटनपेक्षा एक मोठा फरक आहे. आपल्याकडे जुन्या कपड्याला किंमत लावणारी व्यक्ती आधीपासून दारात उभी आहे. पिढ्यान्‌पिढ्या बोहारीण स्टीलच्या भांड्यांच्या बदल्यात जुन्या साड्या, पँट, सदरे घेत आली. मूळच्या गुजरातेतल्या, वाघरी म्हणून ओळखल्या गेलेल्या समाजातल्या या बायका कपडा उजेडात धरतात, शिवण ओढून बघतात, पातेले द्यायचे की वाटी यावर घासाघीस करतात आणि घेतलेला माल धुऊन, दुरुस्त करून बाजारात विकतात. चॅरिटी शॉपच्या मागच्या खोलीतले सगळे कसब त्यांच्या बोटांत आहे, आणि ते त्यांचे पोट आहे. सोसायट्यांच्या फाटकांनी त्यांची फेरी आधीच तोडली. त्यात सुखवस्तू माणसांनी फुकट श्रमावर दुकान काढले आणि चांगला माल तिकडे वळला, तर पगारी काम हिरावण्याचा जो आक्षेप ब्रिटनमध्ये अंशतः खरा आहे, तो इथे पूर्ण खरा ठरेल. म्हणून इथल्या दुकानाने ऑक्सफर्डपेक्षा बॉस्टनच्या हेल्म्सकडून शिकावे. निवडीच्या टेबलाशी बोहारणींना रोजंदारीवर बसवावे, कुठला कपडा ठेवायचा आणि कितीला, यात त्यांचा शब्द शेवटचा असावा, आणि दुकानात न ठेवलेला माल आधी त्यांनाच घाऊक भावाने मिळावा. स्वयंसेवकांनी गल्ला, हिशेब, पुस्तकांची मांडणी आणि सोसायट्यांशी बोलणे सांभाळावे. त्यातही पहिले बोलणे वॉचमनला सांगून फाटक उघडून घेण्याचे असावे, म्हणजे ज्यांना दुकानात यायचे नाही त्या बायकांना आपली फेरी पुन्हा सुरू करता येईल.