राहा, पण सांगू नकोस

'समलिंगी' हा शब्द काढला की आपल्या चळवळीतली पोरंही गालात हसतात. हसून घ्या. मग एरिक अल्वाकडे बघा.

अल्वा अमेरिकेच्या मरीन दलात स्टाफ सार्जंट होता. टेक्सासचा, लॅटिनो घरातला. २१ मार्च २००३ ला इराकमध्ये सुरुंगावर त्याचा उजवा पाय गेला. पदक मिळालं, कौतुक झालं. २००७ साली या माणसानं उभं राहून जाहीर सांगितलं, मी समलिंगी आहे आणि आम्हाला तोंड शिवून नोकरी करायला लावणारा कायदा मोडा.

कायदा १९९३ चा. 'विचारू नका, सांगू नका.' म्हणजे मर, पण तू कोण ते बोलू नकोस. बोललास की घरी. तेरा हजारांवर माणसं अशी काढली. कारण काय? तर तुकडीचा एकोपा बिघडतो, बाजूच्या खाटेवरच्याला अवघडल्यासारखं होतं. आता बघा, अवघडतो तो, आणि हाकलायचं याला. हा न्याय आपल्या ओळखीचा आहे.

१९४८ ला ट्रुमननं हुकूम काढून काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या पलटणी मोडायला घेतल्या, तेव्हाही एकोप्याचंच रडगाणं होतं. आणि १९९२-९३ ला समलिंगींना विरोध करणारा सेनाप्रमुख कोण? कॉलिन पॉवेल. काळा माणूस! त्याचं म्हणणं, कातडीचा रंग हे वागणं नव्हे, हे मात्र वागणं आहे. तुलना करू नका. पुढं २०१० ला त्यानं मत बदललं हेही सांगितलं पाहिजे. पण त्याचा मुद्दा आपण तरी सोडू नये. आपल्याला गावाबाहेर ठेवताना कातडीचं नाव कुणी घेतलं होतं? तुमचं खाणं वाईट, तुमची राहणी वाईट, असंच म्हणत होते ना? वागण्यावर बोट ठेवायचं आणि माणूस बाहेर काढायचा.

आणि लपवणं. जात कातडीवर दिसत नाही, म्हणून तर आडनाव विचारतात. खोली मिळावी म्हणून आडनाव गिळणारी पोरं आमच्या गिरणीत दर पाळीला दिसतात. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावायचा की नाही, हा त्यांचा रोजचा हिशेब. खोली मिळते, पण माणूस दाराबाहेरच राहतो. अल्वानं तेरा वर्षं असंच काढलं.

कुणी म्हणेल, इराकवर चढाई करणारं ते लष्कर, त्यात जागा मागायचीच कशाला? ती चढाई लुटारूंची होती, त्यात वाद नाही. पण महारांची भरती बंद झाली तेव्हा १८९४ ला अर्ज लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर पेन्शनर शिपाईच होते. इंग्रजांचं लष्कर काय धर्मादाय होतं? ते साम्राज्य मागत नव्हते. 'तू लायक नाहीस' हा शिक्का पुसायला सांगत होते.

अमेरिकेतला कायदा २०१० ला रद्द झाला, २० सप्टेंबर २०११ पासून प्रत्यक्षात गेला. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंध गुन्हा नाही म्हटलं. चार महिन्यांनी, जानेवारी २०१९ ला, लष्करप्रमुख बिपिन रावत म्हणाले, लष्करात हे चालणार नाही.

आपल्या महार रेजिमेंटमध्येही असा एखादा पोरगा असेलच. सुट्टीवर गावी येईल, बुद्धविहारात बसेल. त्यानं तिथं तरी कुणाला सांगावं?