सांडलें आणि सांडलेंस

घरांत घडणाऱ्या लहानसहान अपघातांसाठीं मराठी भाषेनें दोन प्रकारच्या क्रियापदांची सोय करून ठेविली आहे. आमच्या हातून पेला पडला तर ‘पेला फुटला’ असें आम्ही म्हणतों. तोच मुलाच्या हातून पडला तर ‘तूं पेला फोडलास’. आम्ही वाचनांत गढून गेल्यामुळें शेगडीवरचें दूध वाहून गेलें तर तें ‘उतूं गेलें’, जणूं काय दूधच आपल्या मनानें उठून चालतें झालें. नातवाच्या कोपरानें वाटी कलंडली कीं मात्र ‘तूं सांडलेंस’. वैयाकरण ह्यास अकर्मक व सकर्मक असा भेद म्हणतील. आमच्या मतें हा बहुतांशीं वयाचा भेद आहे. मोठ्या माणसांच्या घरांत वस्तु फुटतात. लहान मुलें त्या फोडतात.

ही गोष्ट आमच्या ध्यानांत आली ती सन २०२३ च्या अधिक श्रावणांत. साधारण ३२-३३ महिन्यांनीं येणाऱ्या अधिक महिन्यांत जावयास ३३ अनारशांचें वाण देण्याची चाल वाचकांस ठाऊक आहेच. ती ठेवावी कीं टाकावी हा आजचा प्रश्न नव्हे. अनारसा ज्यांनीं केवळ खाल्ला आहे त्यांस त्याची किंमत कळत नाहीं, आणि त्यांत आजवर आमची गणना होती हें कबूल केलें पाहिजे. तांदूळ ३ दिवस भिजत घालावयाचे. पाणी रोज बदलावयाचें. मग उपसून पंचावर सावलींत पसरावयाचे. अगदीं कोरडे होण्यापूर्वींच कुटून पीठ बारीक चाळावयाचें. त्यांत किसलेला गूळ मळून गोळे करावयाचे आणि ते डब्यांत आणखी चारपांच दिवस मुरत ठेवावयाचे. तूप तापण्यापूर्वींच आठवडा गेलेला असतो. पावसाळ्यांत तर पंचावरचे तांदूळ कधीं वाळतात इकडे डोळे लावून बसावें लागतें.

असा मुरलेला डबा ओट्याच्या कोपऱ्यांत होता. सूनबाई कचेरींत गेल्या होत्या. आमच्या सौभाग्यवतींचा दुपारीं जरा डोळा लागला. तेवढ्यांत आमच्या पांच वर्षांच्या नातीनें डबा उघडला, त्यांत वाटीभर दूध ओतलें आणि दोन्ही हातांनीं तें कोपरापर्यंत कालविलें. आजी उठल्यावर तिला पीठ ‘तयार’ मिळावें, एवढाच हेतु. पीठ कोरडें वाटलें तर आजी त्यास दुधाचे चार थेंब लावते हें तिनें पूर्वीं पाहिलें होतें. चार थेंब आणि एक वाटी ह्यांतील अंतर तेवढें पाहिलेलें नव्हतें. लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांच्या १९१० सालच्या ‘गृहिणीमित्रा’पासून कमलाबाई ओगले ह्यांच्या १९७० सालच्या ‘रुचिरे’पर्यंत पाकशास्त्राची केवढी तरी थोर परंपरा आपल्याकडे आहे; परंतु ओट्याशीं पांच वर्षांचें मूल उभें आहे असें गृहीत धरून लिहिलेली कृति आमच्या पाहण्यांत आलेली नाहीं.

नातीस सणसणीत बोलणीं बसलीं. “डब्यांना हात लावायचा नाहीं म्हणून किती वेळां सांगितलं!” असें सौभाग्यवती म्हणाल्या. खरें पाहतां तें एकदांहि सांगितलेलें नव्हतें. आतां ह्याच्या जोडीला त्याच आठवड्यांतली दुसरी गोष्ट ठेवावयाची. नातीचा आठ वर्षांचा भाऊ, ज्यास खरोखरच सक्त मनाई होती, स्टुलावर चढून फळीवरील बरणींतून बेसनाचा लाडू काढूं लागला आणि बरणीचें झांकण खालीं पडून त्याचा कपचा उडाला. त्या वेळीं घरांत काय झालें? सगळे हंसले. कोणी त्यास बाळकृष्ण म्हणालें, कोणी शिंक्याची आठवण काढली. लाडवाचा उरलेला अर्धा भाग त्यास सन्मानपूर्वक परत मिळाला. गोकुळांतील चोरीचें कौतुक करणाऱ्या समाजांत लोण्याच्या चोरास अभय आहे. लोणी घुसळावयास मदत करूं जाऊन डेरा फोडणाऱ्या मुलासाठीं मात्र कोणी गौळण लिहिलेली ऐकिवांत नाहीं.

ह्या दोन गोष्टी शेजारीं ठेवतांच आम्हांस ज्यां पियाजे ह्या स्विस पंडिताची आठवण झाली. मुलांच्या नैतिक निर्णयांवरील त्याचा ग्रंथ १९३२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यानें लहान मुलांस अशाच दोन गोष्टी सांगितल्या. एका मुलास जेवावयास हांक मारली. दारामागें खुर्चीवर कपांचें तबक आहे हें त्यास ठाऊक नव्हतें. दार ढकलतांच १५ कप फुटले. दुसऱ्यानें आई बाहेर गेलेली पाहून कपाटांतला मुरंबा चोरून काढतांना एक कप फोडला. अधिक वाईट कोण? साधारण सहासात वर्षांपर्यंतचीं पुष्कळ मुलें सांगत कीं १५ कप फोडणारा. थोडीं मोठीं झालेलीं मुलें हेतूकडे पाहूं लागत. नुकसान मोजून दोष ठरविण्याची ही रीति मुलांत येते तिचा संबंध मोठ्यांच्या रागावण्याशीं आहे, असेंहि पियाजे सुचवितो.

जन्मभर नीतिशास्त्र शिकविलेल्या माणसास अशी संधि सोडवत नाहीं. आम्ही तपासावयाच्या उत्तरपत्रिका बाजूला सारून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशीं गेलों आणि हेतूची थोरवी सांगूं लागलों. शुभ संकल्पाच्या हातून कांहींहि साध्य झालें नाहीं तरी त्याचें मोल उणें होत नाहीं, असें कांटनें १७८५ सालीं लिहिलें आहे, इथपर्यंत आमची मजल गेली. सौभाग्यवती दुधाळ लगदा डब्यांतून खरवडीत होत्या. त्या मान वर न करितां म्हणाल्या, “अहो, क्षमा करायला तुमचं काय जातं? तांदूळ तुम्हीं धुतले होते का?”

ह्यावर कांटनें काय उत्तर दिलें असतें तें आम्हांस सुचलें नाहीं. आपल्याकडील बहुतेक घरांत रागावण्याचें खातें बायकांकडे आणि क्षमेचें खातें पुरुषांकडे असतें. सायंकाळीं घरीं येणारा बाप प्रेमळ ठरतो, कारण फुटलेल्या बरणीच्या कांचा त्यानें वेंचलेल्या नसतात. आम्ही नातीस उदार मनानें माफ करीत होतों खरे, परंतु आम्ही जें माफ करीत होतों तें दुसऱ्याच्या कमरेचे आठ दिवस होते. ज्याचें गेलें त्यानेंच क्षमा करावयाची असते. इतरांनीं केली तर ती क्षमा नव्हे, शिफारस. आणि शिफारस करणाऱ्यानें उंबऱ्याबाहेर उभें राहून ती करूं नये.

दुसरीहि एक चूक आमच्या व्याख्यानांत होती. मुलीचा हेतु चांगला होता एवढें म्हटलें कीं प्रश्न सुटला, असें आम्ही धरून चाललों होतों. त्याप्रमाणें आम्ही तिला जवळ घेऊन “कांहीं झालं नाहीं हो” असें म्हणालोंहि. ती अधिकच रडूं लागली. आजीचा चेहरा तिनें पाहिला होता. कांहीं तरी झालें आहे हें तिला कळत होतें, आणि आजोबा खोटें बोलत आहेत हेंहि कळत होतें. बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल ह्या दोघां तत्त्वज्ञांनीं १९७६ सालीं नैतिक दैव ह्या विषयावर निबंध लिहिले. विल्यम्सचें म्हणणें असें कीं, कांहीं दोष नसतांहि ज्याच्या गाडीखालीं मूल सांपडलें त्या चालकाचें दुःख आणि रस्त्यावरून पाहणाऱ्याचें दुःख एक नव्हे. चालकाचें आपण सांत्वन करूं, परंतु तें त्यानें फार लवकर मानून घेतलें तर तें आपणांसच खटकेल. आपल्या भाषेंत ह्यासाठीं ‘माझ्या हातून झालें’ असा सुरेख प्रयोग आहे. ‘मीं केलें’ आणि ‘आपोआप झालें’ ह्यांच्या मधली ती जागा. ती जागा आम्ही मोठीं माणसें स्वतःसाठीं राखून ठेवितों. मुलास एक तर गुन्हेगार ठरवितों, नाहीं तर “कांहीं झालं नाहीं” म्हणून त्याच्या हातून घडलेलें कृत्यच काढून घेतों.

सौभाग्यवतींनीं कांटहि वाचलेला नाहीं आणि पियाजेहि. दुसरे दिवशीं सकाळीं त्यांनीं पुनः तांदूळ भिजत घातले. महिना संपावयास अद्याप बारा दिवस होते. नातीस हांक मारून त्यांनीं पातेलें तिच्या पुढें ठेविलें आणि पाणी रोज तिनें बदलावयाचें असें सांगितलें. त्यास शिक्षा म्हणावें कीं बढती, हें आम्हांस अजून ठरवितां आलेलें नाहीं. तिनें ३ दिवस इमानानें पाणी बदललें. निम्मे तांदूळ मोरींत जाऊं नयेत म्हणून पातेल्याखालीं चाळणी धरण्याचें काम आमच्याकडे आलें, आणि दुसऱ्याच दिवशीं आमच्या हातून ती निसटली. मूठभर तांदूळ सांडले. ‘सांडले,’ असें आम्ही म्हणालों. “आजोबा, तुम्ही सांडलेत,” नात म्हणाली.

पुढल्या आठवड्यांत अनारसे तळावयास घेतले. खसखशीची बाजू वर ठेवून आजी झाऱ्यानें तूप उडवीत होती. नात दूर पाटावर बसून मोजीत होती. बाराव्या अनारशानें दगा दिला. तो तुपांत पडतांच विरून पसरला. ह्यालाच अनारसा हंसला असें म्हणतात, आणि तो का हंसतो हें हाताला कसब असलेल्या बायकांनाहि दर वेळीं सांगतां येत नाहीं.

“आजी, ह्यांत दूध कोणी घातलं?” नातीनें विचारलें.

“कोणी नाहीं ग. हंसला तो.”

नातीचें समाधान झालेलें दिसलें नाहीं. तिनें उठून डब्यांतील पिठाचा वास घेतला आणि मग उंबऱ्यापाशीं उभ्या असलेल्या आमच्याकडे संशयानें पाहिलें.